हा तुझा क्लब नाही

बाबा,

भाऊकाकांना भेटून आले. एवढं एक वाक्य लिहायला मला बरेच दिवस लागले. कोर्टातल्या त्या दिवसानंतर मी त्यांना काका म्हणणं सोडलं होतं. घरात विषय निघालाच तर मी 'तो माणूस' म्हणायचे, आणि तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणायचात, "त्याला नाव आहे." नाव होतंच, पण आपल्या घरात ते कधी कुणी वापरलं नाही. कारखान्यात ओळख झाली तेव्हापासून तुम्ही त्यांना भाऊ म्हणालात. त्यांनी अर्थ विचारला, आणि तो कळल्यावर तेही तुम्हाला भाऊच म्हणायला लागले. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या खेड्यातून आलेला, उन्हाशिवायही मान लाल असलेला तो धिप्पाड माणूस, आणि नागपूरहून आलेले सडपातळ तुम्ही. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर, त्या कारखान्यांच्या वसाहतीत, पत्र्याचे डबे करायच्या कारखान्यात दोघं शेजारशेजारच्या प्रेस मशीनवर. सुट्टीत एकदा तुमचा विसरलेला डबा घेऊन मी गेटवर आले होते. आतून मशीनच्या दणदणाटावर मात करत "भाऊ!" अशी हाक आली आणि गेटवरचा पंजाबी वॉचमन मला हसून म्हणाला, "यांच्यातला कोण कुणाला बोलावतोय ते आम्हाला अजून कळलेलं नाही."

मी दहा वर्षांची असताना आई आणि मी नागपूरहून इकडे, इंग्रजांच्या देशात आलो, तेव्हा तुमचे शनिवार आधीच ठरून गेलेले होते. तुम्ही दोघं पहाटे त्यांच्या व्हॅनमधून उत्तरेकडच्या त्या शहरात जायचात, आपल्या फुटबॉल क्लबचा सामना बघायला. क्लबचं नाव मी इथं लिहीत नाही. त्या नावापाशी लोक वाचणं थांबवून बाजू घ्यायला लागतात, हे मी पुरेसं पाहिलंय. जायचं नसेल त्या शनिवारी भाऊकाका आपल्याकडे यायचे. स्वयंपाकघरात, निळ्या सुटातल्या त्या तसबिरीखालच्या खुर्चीत बसून आईच्या हातची ज्वारीची भाकरी आणि ठेचा खायचे, डोळ्यांतून पाणी काढायचे आणि परत ताट पुढे करायचे. आई म्हणायची, "याच्या पोटात जाळ होईल जी, सांगा त्याला." तुम्ही सांगायचात. ते म्हणायचे, "होऊ दे, आत थंडीच आहे."

इंग्रजांच्या क्लबसाठी तुम्ही आयरिश लोक एवढा जीव का टाकता, असं मी त्यांना त्याच खुर्चीत बसलेले असताना विचारलं होतं. शाळेत आम्हाला त्या वेळी इंग्रजांच्या राज्यातला आयर्लंडचा दुष्काळ शिकवत होते, आणि मला वाटलं होतं की मी फार हुशार प्रश्न विचारतेय. ते रागावले नाहीत. म्हणाले, त्यांचा थोरला भाऊ खड्डे खणायला त्या शहरात गेला होता. पहिल्या नाताळला घरी आला तो गळ्यात क्लबचा स्कार्फ घालून, आणि त्या दिवसापासून त्यांचं घर त्या क्लबचं झालं. समोरच्या घरातला माणूस दुसऱ्या शहरात गोदीवर गेला होता, म्हणून ते घर दुसऱ्या क्लबचं. दोन्ही घरांतल्या बाकीच्यांनी ना ते शहर पाहिलं होतं ना हे. एकाच चर्चमध्ये जायचे, एकमेकांची गाय व्यायली तर मदतीला धावायचे. पण एका वर्षी फायनलवरून असं काही बिनसलं की समोरचा म्हातारा वारला तेव्हा यांच्या घरातून खांदा द्यायला कुणी गेलं नाही. "म्हणजे पोटासाठी जो जिथं गेला तिथला रंग घरात आला," तुम्ही म्हणालात. "आणि रंगासाठी शेजारी गेला." भाऊकाका ठेच्याकडे बघत म्हणाले, "माणूस बायको बदलेल, धर्म बदलेल. क्लब बदलता येत नाही, भाऊ. तो जन्माला चिकटून येतो." तुम्ही हसलात. म्हणालात, "आमच्याकडे असं म्हणायचे ना, तेव्हा ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल म्हणायचे. माझ्या बापाने ती गोष्ट एका सकाळी नागपूरच्या मैदानावर सोडून दिली." त्यांना ते नीट कळलं नाही. तुम्हीही समजावत बसला नाहीत. पण त्या रात्री आईशी बोलताना मी ऐकलं. तुम्ही सांगत होतात की स्टेडियममध्ये गळ्यात स्कार्फ असला की कुणी आडनाव विचारत नाही, गोल झाला की शेजारचा अनोळखी माणूस मिठी मारतो. नागपुरात कॉलेजात असताना ज्याच्या माठातलं पाणी प्यायलात म्हणून मार खाल्लात, तो तरी अनोळखी कुठं होता, असं तुम्ही म्हणालात.

तुम्ही माझ्यावर हात एकदाच उगारलात. मी बारा-तेरा वर्षांची असेन. शाळेच्या बसमध्ये मुलं एक गाणं म्हणायची, समोरच्या क्लबवरचं, म्हणजे आपल्या क्लबच्या जुन्या वैऱ्यांवरचं. फार पूर्वी त्या क्लबची काही माणसं एका अपघातात मेली होती आणि ते गाणं त्यांच्याबद्दल होतं, चाल मोठी नाचरी. मी ते स्वयंपाकघरात गुणगुणले. मला वाटलं तुम्ही हसाल, कारण गाणं आपल्या बाजूचं होतं. तुमचा हात वर गेला आणि हवेतच थांबला. मग तुम्ही खुर्ची ओढून माझ्यासमोर बसलात. "त्या दिवशी कुणीतरी त्यांच्यासाठी जेवायचं थांबलं असेल," तुम्ही म्हणालात. "ताट झाकून ठेवलं असेल. मेलेल्या माणसाचं गाणं करायचं नाही. आपलं असो, दुसऱ्याचं असो."

आता तो रविवार. नवं शतक लागून काही वर्षं झाली होती, मी बेसिंगस्टोकला एका आयटी कंपनीत नोकरीला लागले होते आणि रोज ट्रेनने ये-जा करत होते. त्या दिवसांत विमानाची तिकिटं स्वस्त झाली होती. आयर्लंडहून पोरं घोळक्यानं शनिवारी यायची, सामना बघायची आणि सोमवारी तिकडे कामावर हजर असायची. भाऊकाकांच्या बहिणीचा मुलगा असाच चार दोस्तांना घेऊन आला होता. तिकडे इलेक्ट्रिशियन होता, वर्षभरापूर्वी लग्न झालेलं, बायको पोटुशी. आपला क्लब आणि समोरचा क्लब यांचा सामना होता आणि त्यांना स्टेडियमची तिकिटं मिळाली नव्हती, म्हणून ते मामासोबत स्लाऊमधल्या आयरिश लोकांच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर बघायला आले. तुम्हीही गेलात. मीच तुम्हाला गाडीने सोडलं. त्या हॉलची रीत तुम्ही मला सांगितली होती: बारच्या डाव्या हाताला आपली माणसं, उजव्या हाताला समोरच्या क्लबची, मधे कुणी बसायचं नाही. दोन्हीकडे आयरिशच. आठवडाभर एकाच बांधकामावर एकमेकांना विटा देणारे.

पुढचं तुम्ही सांगितलं तसं मला माहीत आहे. आपण एक गोल खाल्ला होता. उजवीकडून आरडाओरडा झाला, आणि त्याला उत्तर म्हणून डावीकडून, तुमच्याच बाकावरून, भाच्यानं ते गाणं सुरू केलं. तेच गाणं. दोस्तांनी उचलून धरलं. उजवीकडे एक म्हातारा सुतार बसला होता, तो उठून उभा राहिला. तुम्ही वाट बघितलीत. तुम्हाला वाटलं भाऊ भाच्याला गप्प करतील. भाऊ पडद्याकडे बघत होते. मग तुम्ही लेमनेडचा ग्लास खाली ठेवलात, उठलात आणि भाच्यासमोर जाऊन म्हणालात, "बेटा, बाकी कायपण गा. मेलेल्यांवर गाऊ नकोस." तो हसला. तुम्ही परत म्हणालात. तेव्हा त्याने तो शब्द वापरला जो या देशात आपल्या रंगाच्या माणसाला उद्देशून वापरतात, आणि म्हणाला, "तुझा काय संबंध? हा तुझा क्लब नाही." तुम्ही म्हणालात, "तू जन्मायच्या आधीपासून माझा आहे." त्यानंतर त्याने हातातला ग्लास तुमच्या तोंडावर मारला.

मी तुम्हाला घ्यायला आले ती त्यानंतर काही मिनिटांनी. दारातून आत पाऊल टाकलं तेव्हा मला आधी पाठी दिसल्या. सामना संपला नव्हता, बाबा. डाव्या बाजूची सगळी माणसं पडद्याकडे तोंड करून बसली होती. तुम्ही भिंतीला टेकून फरशीवर बसला होतात आणि उजव्या बाजूचा तो म्हातारा सुतार गुडघ्यांवर बसून स्वतःचा स्कार्फ तुमच्या डाव्या डोळ्यावर दाबून धरत होता. भाऊकाका उभे होते. तुमच्यापासून हाताच्या अंतरावर, बिअरचा ग्लास छातीशी धरून. मी "काका!" म्हणून ओरडले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि मग ग्लास कुठे ठेवावा ते कळत नसल्यासारखे तसेच उभे राहिले. अँब्युलन्स सुताराने बोलावली. गाडीत तोच तुमच्यासोबत बसला.

डोळा वाचला नाही. हॉस्पिटलातून घरी आलात तेव्हा तुमच्या पिशवीत तो स्कार्फ होता, रक्तानं कडक झालेला. आईनं तो थंड पाण्यात भिजवला, तीनदा पाणी बदललं, आणि समोरच्या क्लबचा स्कार्फ आपल्या बाथरूमच्या रेडिएटरवर वाळत घातला. तो वाळत असतानाच भाऊकाका आले. ते बाथरूमकडून स्वयंपाकघरात आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. आईनं भाकरीचं विचारलं नाही. आपल्या घरात त्यांच्या बाबतीत तसं कधी झालं नव्हतं. मी चहा ठेवला आणि तिथंच उभी राहिले. तुम्ही जा म्हणाला असतात तरी गेले नसते.

"पोलिसांची बाई उद्या येणार आहे," तुम्ही म्हणालात.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "भाऊ, माझ्या बहिणीला तो एकच आहे. पोर व्हायचंय त्याला. तुरुंगात गेला तर त्याचं लायसन जाईल, काम जाईल, सगळं जाईल. तू म्हण की गर्दी होती, नीट दिसलं नाही."

"मला दिसलं."

"तुझा डोळा मी परत आणू शकत नाही. आणू शकलो असतो तर माझा काढून दिला असता."

"तुझा डोळा नको मला," तुम्ही म्हणालात. पट्टीमुळे तुम्हाला मान पूर्ण वळवून त्यांच्याकडे बघावं लागत होतं. "तू पाहिलंस का, भाऊ? तुला दिसलं का, एवढंच सांग."

ते टेबलावर बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी सामना बघत होतो."

चहा तसाच राहिला. दारात जाताना ते आईला म्हणाले, "सॉरी." आईला तेवढं इंग्रजी येत होतं. तिनं दार लावलं आणि कडीवर हात ठेवून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या बाईला तुम्ही सगळं सांगितलंत. त्या शब्दाबद्दल तिनं विचारलं तेव्हा म्हणालात, "त्याचं काही नाही. तो मी माझ्या गावात दुसऱ्या भाषेत ऐकलाय. तिथं लिहा की तो मला म्हणाला, हा तुझा क्लब नाही." ती म्हणाली की तो काही गुन्हा होत नाही. तरी लिहा, तुम्ही म्हणालात.

कोर्टाचा दिवस पुढच्या वर्षी आला. भाचा उसना वाटावा असा टाय घालून आला होता. मांडीवर मावेल एवढं बाळ घेऊन त्याची बायको मागे बसली होती, आणि मला ते बाळ बघून राग येत होता, ते गोंडस होतं म्हणून. तुम्ही ग्रंथावर हात ठेवला नाहीत, नुसती खरं बोलण्याची प्रतिज्ञा केलीत आणि सगळं हळूहळू, कुणालाही वाईट न बोलता सांगितलंत. आपल्या बाजूच्या माणसांपैकी बोलायला कुणी तयार नव्हतं. सगळे सामना बघत होते. समोरच्या बाजूच्या सुताराने येऊन सांगितलं की त्याने ग्लास मारताना पाहिलं, स्वतःच्या डोळ्यांनी. भाच्याच्या वकिलाने त्याला फक्त एवढं विचारलं, "आपण कोणत्या क्लबचे समर्थक आहात?" सुताराने सांगितलं. "किती वर्षं?" "लहानपणापासून." "आणि आरोपी कोणत्या क्लबचा आहे, हे आपल्याला माहीत होतं?" ज्युरीतला एक माणूस हसला. दुसराही हसला. सुतार गोंधळून तिथंच उभा राहिला. आपण खरं बोललो तरी ते कशामुळे खोटं ठरलं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नसावं.

मग भाऊकाकांना बोलावलं. मला वाटलं होतं ते परत म्हणतील, मी सामना बघत होतो. तेवढं मी कदाचित गिळलं असतं. ते म्हणाले, "मी या माणसाला पंचवीस वर्षं ओळखतो. तो मला भावासारखा आहे. तो एरवी घेत नाही, पण त्या दिवशी त्याने घेतली होती. उठला, तोल गेला, हात हवेत फिरवले आणि टेबलावरच्या ग्लासवर पडला. मी शेजारी होतो. मला त्याला धरता आलं नाही." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यामुळे तर ते सगळ्यांना खरं वाटलं. तुम्ही आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पंचशीलातलं पाचवं शील तुम्ही कधी कुणापुढं मिरवलं नाहीत, पण लग्नात शँपेनचा ग्लास हातात दिला तर तो तुम्ही शेजारच्या टेबलावर इतक्या हळूच ठेवायचात की देणाऱ्याला वाईट वाटू नये. आणि हे त्या माणसाला माहीत होतं. पंचवीस वर्षं तुमचं लेमनेड त्यानेच तर मागवलं होतं.

भाचा सुटला. बाहेर पार्किंगमध्ये त्यांची माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. भाऊकाका मात्र बाजूला, गाड्यांच्या मधे, एकटेच उभे होते. आई म्हणाली, "चला जी घरी." गाडीत मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही एवढंच म्हणालात, "त्याच्या बहिणीला तो पोरगा एकच आहे." मी म्हटलं, "आणि तुम्हाला?" तुम्ही काचेकडे, आंधळ्या बाजूकडे, तोंड केलंत. "मला पण तो एकच होता," म्हणालात. मी आधी समजले की तुम्ही डोळ्याबद्दल बोलताय. घराच्या वळणावर आल्यावर कळलं, भाऊबद्दल.

नंतरची वर्षं मला लिहायला आवडत नाहीत. प्रेस मशीनवर एका डोळ्याने काम करू देत नाहीत, म्हणून तुम्हाला पॅकिंगला टाकलं, आणि मग लवकर रिटायर व्हा म्हणाले. एका डोळ्याला अंतर कळत नाही. तुम्ही चहा ओतायचात तो कपाच्या शेजारी, आणि आई न बोलता खाली ट्रे सरकवायची. शनिवारी तुम्ही स्वयंपाकघरात बसायचात. रेडिओ बंद. मी एकदा म्हटलं, समोरच्या क्लबचे व्हा, त्यांच्या माणसाने तुम्हाला धरलं. तुमच्या बापाने धर्म बदलला, तुम्हाला क्लब बदलता येत नाही? मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही म्हणालात, "बापाने जे सोडलं ते त्याला तुडवणारं होतं. मला क्लबनं काय केलंय? पोरगा वाईट वागला. भाऊ घाबरला." मी म्हटलं, भाऊ घाबरला नाही, भाऊ खोटं बोलला. तुम्ही म्हणालात, "घाबरल्याशिवाय कोण बोलतं खोटं?" पण रेडिओ तुम्ही लावला नाहीत. आणि स्टेडियमवरची ती अनोळखी माणसांची मिठी, तिच्याबद्दल परत कधी बोलला नाहीत.

तुम्ही गेलात तो मार्च महिना होता. हृदय बंद पडलं, फार त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले. कारखान्यातले सगळे आले, वॉचमनसुद्धा आला, म्हातारा सुतार काळ्या कोटात आला आणि मागे उभा राहिला. त्रिसरण म्हणताना आई सारखी दाराकडे बघत होती. मला माहीत होतं ती कुणाची वाट बघतेय. आले नाहीत. त्या दिवशी मी ठरवलं होतं की या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नाही. आई गेली तेव्हा तर मी त्यांना कळवलंही नाही.

आता या वर्षीचं. मला एका केअर होममधून फोन आला. फोन करणारी बाई केरळची होती, जरा संकोचून बोलत होती. त्यांच्याकडे एक आयरिश आजोबा आहेत, ती म्हणाली, फार विसरतात, आणि सारखं 'बाऊ, बाऊ' म्हणून काहीतरी मागतात. स्टाफला वाटलं इंग्रजीतला 'बो' म्हणतायत, म्हणजे धनुष्यबाण मागतायत, मग कुणाला वाटलं रिबीनीचा बो. नाताळला त्यांना एक लाल रिबीन आणूनही दिली. शेवटी कारखान्यातलं कुणीतरी दुसऱ्याच एका आजीला भेटायला आलं होतं, त्याला कळलं आणि त्याने माझा नंबर दिला. तुम्ही याल का? मी नाही म्हटलं. मग त्या रविवारी गेले.

खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मोठा माणूस आत आकसला की कातडी मागे राहते, तसे दिसत होते. टीव्हीवर सामना चालू होता, आवाज बंद. मी नाव सांगितलं नाही, भाऊची मुलगी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तो कसा आहे?" मी म्हटलं, बाबा वारले. त्यांना धक्का बसला. खरोखरचा. मग ते रडायला लागले आणि म्हणाले, "तो पडला बिचारा. कधी घेत नव्हता गं, त्या एकाच दिवशी घेतली होती. उठला आणि पडला. मी शेजारी होतो. मला धरता आलं नाही त्याला." शब्द तेच होते. कोर्टातलेच. मी त्यांच्या डोळ्यांत शोधत राहिले, कुठं काही चोरटं हलतंय का. काही नव्हतं. बाबा, ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोक्यात आता तसंच झालंय. भाचा नाही, गाणं नाही, ग्लास मारणारा हात नाही. तुम्ही आहात, प्यायलेले, आणि ते आहेत, तुम्हाला धरू न शकलेले. मी चांगलं मोठ्याने म्हटलं, "काका, बाबा दारू पीत नव्हते." ते म्हणाले, "तेच तर सांगतोय. त्या एका दिवशीच." मी त्यांचा हात धरला नाही. पण उठूनही गेले नाही. चहाची गाडी आली, त्यांना बशीत ओतून दिला, आणि मग निघाले.

परत जाणार नव्हते, पण गेले. आता बऱ्याच रविवारी जाते. अलीकडचं त्यांना काही आठवत नाही, पण माझ्या आणि आईच्या आधीचं, तुम्ही या देशात एकटे होतात तेव्हाचं, ते सांगतात. परवा एक सांगितलं. तुम्हाला कारखान्यात तार आली. तुम्ही ती वाचलीत, खिशात घातलीत आणि मशीन परत सुरू केलंत. पाच मिनिटांनी यांनी बघितलं तर तुम्ही हसत होतात आणि गालावरून पाणी वाहत होतं, आणि पत्रा तिरका जात होता. फोरमननं मशीन बंद करून तुम्हाला घरी जा म्हटलं. तुम्ही म्हणालात, घरी कोण आहे? मुलगी झाली होती, नागपूरला, आणि सांगायला इथं कुणी नव्हतं. तेव्हा यांनी तुम्हाला व्हॅनमध्ये बसवलं आणि उत्तरेला नेलं. तुमचा पहिला सामना. तिथं पहिला गोल झाल्यावर तुम्ही शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारून सांगितलंत, मला मुलगी झाली. तो ओरडला, त्याने पुढच्याला सांगितलं, त्याने त्याच्या पुढच्याला, आणि रांगेतल्या सगळ्यांनी तुम्हाला पाठीवर थापा मारल्या. तुमचं नाव त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, असं ते म्हणाले.

हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. आईलाही माहीत नसावं, नाहीतर ती बोलली असती.

हे पत्र पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. तुम्ही पहिल्यांदा विचारलं असतंत, भाऊ कसा आहे, आणि मला सांगावं लागलं असतं की त्याच्या मनातसुद्धा तुम्ही आता दारू पिऊन पडलेले आहात. ते तुमच्यापर्यंत जाऊ नये. एवढंच मात्र कबूल करते. ती तारेची गोष्ट खरी की खोटी, हे मला कधीच कळणार नाही. ती त्याच तोंडातून आलीय ज्याच्यावर मी कोर्टात थुंकले असते. तरी तेवढी एक मी खरी धरली आहे.